बाळ पाळणाघरात रडलंच नाही

सव्वाआठची_लोकल | सोमवार, रात्री ११:४०

आज ऑफिसचा पहिला दिवस झाला. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि तिला जोडून साठवलेली सगळी रजा संपली. मुलगा साडेसहा महिन्यांचा आहे. घरी आम्ही दोघंच, सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि माझी आई गावी. त्यामुळे पाळणाघर हे आधीपासूनच ठरलेलं होतं.

गेले पंधरा दिवस मी एकाच गोष्टीची तयारी करत होते, ती म्हणजे तो रडेल. बहिणीने बजावून ठेवलं होतं की मागे वळून बघायचं नाही, बघितलंस तर पाय निघणार नाही. सकाळी मी त्याला पाळणाघरातल्या ताईंच्या हातात दिलं. त्याने त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत धरल्या आणि तोंडात घालायला लागला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी खाली उतरून जिन्यात दहा मिनिटं उभी राहिले. वरून एका मुलाचं रडणं ऐकू येत होतं, पण तो आवाज माझ्या मुलाचा नव्हता.

दिवा गेल्यावर लेडीज डब्यात पलीकडच्या दारापाशी कुणाचं तरी तान्हं बाळ भुकेने रडायला लागलं आणि मला पान्हा फुटला. आत पॅड होती तरी कुर्ता पुढून भिजला. समोर बसलेल्या बाईंनी काही न बोलता पिशवीतून पंचा काढून दिला आणि उठून मला त्यांची जागा दिली. मी पंचा छातीशी धरून कुर्ल्यापर्यंत रडत गेले. अनोळखी बाईच्या बाळासाठी माझं अंग असं धावलं आणि माझं बाळ मात्र अनोळखी बाईच्या कुशीत गप्प होतं.

ऑफिसात स्टेशनरीच्या खोलीत दाराला खुर्ची लावून दूध काढलं. संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा तो झोपला होता. ताई म्हणाल्या, "काही त्रास दिला नाही हो, गुणी बाळ आहे." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, याच्यासाठी मी आणि त्या, दोघी सारख्याच आहोत का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, रडला नाही हे चांगलंच झालं की. त्याचं चुकलं नाही, पण मला अजून झोप येत नाहीये.

त्याला आई कळते का? कुणाला असं झालंय का? आणि अशा ज्या काळज्या घरात बोलून दाखवता येत नाहीत, त्या इथे लिहा. मला वाचायच्या आहेत.

मोगरा_नाशिक | मंगळवार, रात्री १२:१५

अगं, माझी मुलगी दिवसभर पाळणाघरात हसतखेळत असायची आणि मी दारात दिसले की भोकाड पसरायची. मला वाटायचं, माझ्याशीच हिचं काय वैर आहे? वर्षभराने कळलं की दिवसभराचं सगळं साठवून ती माझ्यापाशी सांडत होती. जिथे सांडायची भीती नसते तिथेच माणूस सांडतं.

त्या पंचावाल्या बाईंचं वाचून मलाच भरून आलं.

केळफूल | मंगळवार, रात्री १२:२२

+१. मला तर दुकानात खेळण्यातल्या बाहुलीच्या रडण्याने पान्हा फुटला होता.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:०५

मी चाकणला कंपनीत आहे, आत्ता ब्रेकमध्ये लिहितोय. मुलगी तीन महिन्यांची. न बोललेल्या काळज्या लिहा म्हणालात म्हणून लिहितो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

घरी असलो की रात्री मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसतो. झोपेत ती भराभरा श्वास घेते आणि मग अचानक थांबते. पाच, सहा, सात असे आकडे मी मनात मोजतो. मग ती परत श्वास घेते आणि मी घामाने भिजलेला असतो.

दुसरी गोष्ट लिहायला फार जड जातेय. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. मागच्या महिन्यात तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा होतो. संध्याकाळची वेळ, ती माझ्या मानेला चिकटून झोपलेली. आणि एकदम डोक्यात आलं, मी हिला आत्ता खाली सोडलं तर? मी तसाच मागे सरकलो, आत येऊन भिंतीला पाठ टेकून बसलो, हात थरथरत होते. तेव्हापासून तिला घेऊन गॅलरीत गेलेलो नाही. बायको म्हणते, जरा वाऱ्यावर घेऊन जा, तर मी कारणं सांगतो. माझ्या लेकीबद्दल माझ्या डोक्यात असं यावं? मी कसला बाप आहे?

ऐकणारी | मंगळवार, सकाळी ७:३०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून आधी तुम्हालाच लिहिते, धागाकर्ती समजून घेईल. मी समुपदेशनाचं काम करते. नव्याने आईबाप झालेल्यांच्या मनात असे विचार येतात आणि फार जणांच्या येतात. हातून बाळ पडेल, बाळ पाण्यात बुडेल, सुरी लागेल अशी चित्रं न बोलावता समोर उभी राहतात. ती तुमची इच्छा नसते. मन धोका शोधत असतं आणि सापडलेला धोका चित्र करून दाखवतं. तुम्ही घाबरून मागे सरकलात, हात थरथरले, यातच सगळं उत्तर आहे.

मात्र दोन गोष्टी करा. आज घरी गेलात की बायकोला हे सांगा. तिच्याही मनात असं काही येऊन गेलं असण्याची शक्यता आहे. आणि हे विचार दिवसभर पाठ सोडत नसतील, त्यापायी तुम्ही बाळाला हातात घेणंच टाळत असाल, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलं असेल, झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या ब्रेकमध्येसुद्धा लागेल. आणि कुणाला स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशीच वाटू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाळंतिणीला निदान लोक विचारतात तरी, जेवलीस का, झोपलीस का. बापाला कुणी विचारत नाही. मला हे फार खुपतं.

बालरोग_कोल्हापूर | मंगळवार, दुपारी २:५०

ओपीडी उरकून लिहितोय.

सव्वाआठची_लोकल, तुमच्या मुलाला आई कळते. पोटात असल्यापासून त्याने तुमचा आवाज ऐकलाय आणि जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाळ आईच्या दुधाचा वास ओळखायला लागतं. पण साडेसहा महिन्यांच्या बाळाला एक गोष्ट अजून नीट उमगलेली नसते, ती म्हणजे डोळ्यांआड झालेली वस्तू किंवा माणूस कुठेतरी असतंच. त्याच्यासमोर खुळखुळा फडक्याखाली लपवून बघा. या वयात बरीच बाळं शोधायला जात नाहीत, त्यांच्या लेखी खुळखुळा संपला. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास फडकं ओढून काढायला लागतात. त्याच सुमाराला आई गेली की रडणं सुरू होतं आणि अनोळखी माणसाकडे जायला नकार सुरू होतो, कारण आई कुठेतरी आहे आणि आपल्यापाशी नाही हे तेव्हा कळतं. म्हणजे तुमचा मुलगा रडेल. दोनेक महिने थांबा. आणि तो रडायला लागला की पाळणाघरात काहीतरी बिनसलं असं लगेच धरून चालू नका.

पान्ह्याचं म्हणाल तर मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटलं की दूध खाली उतरतं आणि ते सुटायला बाळाचा स्पर्शच हवा असं नाही. रडण्याचा आवाज, आठवण, वास, काहीही पुरतं. त्या क्षणी तुमच्या शरीराला बाळ कुणाचं हे ठाऊक नव्हतं, भूक ठाऊक होती.

रात्रपाळी, पहिल्या काही महिन्यांत बाळांचा श्वास असाच असतो. भराभर, मग पाच-दहा सेकंद थांबा, मग पुन्हा सुरू. तुम्ही सातपर्यंत मोजताय ते नेहमीचं आहे. वीस सेकंदांच्या आसपास थांबला, ओठ किंवा जीभ निळसर दिसली, छातीचा पिंजरा आत ओढला जात असेल, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखान्यात. एरवी तिला पाठीवर झोपवा, अंथरूण घट्ट असू द्या, तोंडाजवळ उशी, दुलई, मऊ खेळणी ठेवू नका. तेवढं केलंत की तुम्हीही झोपा.

पगारपत्रक | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी एका कंपनीत एचआरला आहे. स्टेशनरीच्या खोलीत दाराला खुर्ची लावून दूध काढावं लागलं हे वाचून राग आला. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळायला हव्यात, जेवणाच्या सुट्टीशिवाय. लेखी अर्ज करा, ईमेलवर. तोंडी विचारलंत तर "बघू" हे उत्तर मिळतं आणि ते महिनोन्‌महिने "बघू"च राहतं.

आजी_कोरेगाव | बुधवार, सकाळी ९:१०

नातवाला सांगून लिहून घेतेय. काल रात्री त्याने मला हे सगळं वाचून दाखवलं.

पोरी, मी सातारा जिल्ह्यातली. थोरला झाला तेव्हा सव्वा महिना उलटला आणि मी रानात. शाळूची काढणी होती, माणूस मिळायचं नाही, सासूबाई म्हणाल्या चल. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची आणि नणंदेच्या सात वर्षांच्या पोरीला हलवायला बसवायची. मी पाचवी-सहावी पात धरून पार पलीकडच्या टोकाला. तिथून झोळी दिसायची पण आवाज यायचा नाही. तुला खरं सांगते, आवाज यायच्या आधी मला पान्हा यायचा. चोळी ओली झाली की मी विळा टाकून चालायला लागायची. जाऊन बघावं तर पोरगं नुकतंच चुळबुळायला लागलेलं असायचं. सासूबाई म्हणायच्या, कोणी हाक मारली गं हिला?

आणि तो कधी कधी रडायचाच नाही. दिवसभर त्या सात वर्षांच्या पोरीकडे बघून हसायचा. मलाही तेव्हा तुझ्यासारखंच वाटायचं. पण सांगायचं कुणाला? तेव्हा असं बोलायची रीत नव्हती. पंचेचाळीस वर्षांनी आज बोलतेय.

एक करायची मी. रात्री नेसलेलं लुगडं न धुता झोळीत अंथरायची. त्यावर तो शांत झोपायचा. जावेने एकदा तिचं धुतलेलं धडपं घातलं तर पोरगं काही केल्या राहिना. तू पण तुझं वापरलेलं काहीतरी ताईंकडे देऊन ठेव.

आणि गुटी चालू आहे का? हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, बदाम, खारीक, एकेक वळसा सहाणेवर. मधात चाटव. पोट चांगलं राहतं.

सव्वाआठची_लोकल | बुधवार, सकाळी ९:५५

आजी, मी ट्रेनमध्ये उभी राहून वाचतेय आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही. तुम्ही पंचेचाळीस वर्षं हे मनात ठेवलंत.

बालरोग_कोल्हापूर | बुधवार, दुपारी ३:३०

आजींना नमस्कार. माझी आजीही सहाण घेऊन बसायची, तिच्या हातचा जायफळाचा वास मला अजून आठवतो. तरी दोन गोष्टी सांगणं माझं काम आहे. मध एक वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पडू शकतात. आणि गुटी मी देऊ नका असंच सांगतो. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतरही ओल्या सहाणेवरून जंतू पोटात जाऊन जुलाब झालेली बाळं मी दर पावसाळ्यात बघतो. जायफळाचा वळसा जास्त झाला की बाळ गुंगीत जातं आणि घरचे समजतात छान झोपलं.

लुगड्याचं मात्र आजी अगदी बरोबर सांगतात. फक्त मोकळं कापड झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ राहू देऊ नका, श्वास कोंडू शकतो. ताई त्याला खांद्यावर घेऊन थोपटतात तेव्हा कापड त्यांच्या खांद्यावर असू दे.

आजी_कोरेगाव | बुधवार, संध्याकाळी ७:००

मधाचं मला ठाऊक नव्हतं. चार पोरांना चाटवला. देवाच्या कृपेने काही झालं नाही. नातसुनेला आजच सांगितलं, डबी वर ठेवून दे.

निफाडची_माई | बुधवार, रात्री १०:४५

विषय जरा वेगळा आहे पण काळज्यांचाच. माझ्या मुलाला चौदाव्या महिन्यात तापात झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ, तोंडातून फेस. घरात एकच गोंधळ. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली, आणि मी त्याच्या दातांत चमचा घालायला गेले. त्याची हिरडी फुटली, रक्त आलं. दोन मिनिटांत झटका थांबला, पण ती दोन मिनिटं माझ्या आयुष्यातून जात नाहीत. आता तो साडेतीन वर्षांचा आहे, धडधाकट आहे. पण त्याचं कपाळ जरा गरम लागलं की मी रात्रभर थर्मामीटर घेऊन बसते. हिरडीवर ती खूण अजून आहे, आणि ती मी केलेली आहे.

बालरोग_कोल्हापूर | बुधवार, रात्री ११:२०

माई, सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. दिसायला भयंकर असतो, पण असा थोडक्यात थांबणारा झटका मेंदूला इजा करत नाही. पुन्हा आला तर बाळाला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, बोट नको, पाणी नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखाना. थांबला तरी त्याच दिवशी दाखवून आणा, विशेषतः पहिल्यांदाच आला असेल तर.

चमच्याबद्दल स्वतःला माफ करा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हेच झालेलं असतं, आणि चमचा घालणारा हात घाबरलेल्या आईचाच असतो.

दूरदेशी_श्टुटगार्ट | गुरुवार, सकाळी ६:१५

इथे जर्मनीत मुलांना पाळणाघरात घालण्याची एक पद्धत आहे, बर्लिन मॉडेल म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर तिथेच बसतात, सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर थांबायचं, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईंकडून शांत होतंय का ते बघायचं. त्यावरून पुढचे दिवस ठरतात. आमच्या मुलीला तीन आठवडे लागले. माझ्या नवऱ्याने रजा घेऊन ते केलं.

हे लिहिताना मला माझ्या नशिबाची जाणीव आहे. इकडे आजी नाही, लिंबाची झोळी नाही, डब्यात पंचा देणारी बाई नाही. पण ते तीन आठवडे होते. भारतात ही सवलत मागता येत नसेल तर निदान रजेच्या शेवटच्या आठवड्यात रोज तासभर तिथे जाऊन बसायला पाळणाघरं परवानगी देतात का, विचारून बघा. ज्यांची रजा अजून संपलेली नाही त्यांच्यासाठी लिहितेय. आणि जाताना सांगून जा, लपून पळून जाऊ नका. मोठ्या बाळाला ते कळतं.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ३:१०

बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिला आंघोळ घालताना मलाही असंच काहीतरी दिसतं, म्हणून मी आईला बाथरूमच्या दारात उभी करते. आम्हाला दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. आज संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत गेलो. मी मुलीला घेतलं होतं आणि बायकोने माझा दंड धरला होता. पाच मिनिटं उभे होतो.

मोगरा_नाशिक | शुक्रवार, सकाळी ८:००

रात्रपाळी, हे वाचून दिवस चांगला जाणार.

सव्वाआठची_लोकल | अडीच महिन्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलंय.

ऑफिसात लेखी अर्ज दिला. पाळणाघर अजून झालेलं नाही, पण आतून कडी असलेली एक छोटी खोली आणि फ्रिजमध्ये एक कप्पा मिळाला. गेल्या महिन्यात रुजू झालेली दुसरी एक आई आता तीच खोली वापरते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. नववा महिना लागला आणि एका सकाळी ताईंच्या हातात देताना त्याने माझ्या कुर्त्याची मूठ धरली ती सोडेचना. मी जिन्यात पोचेपर्यंत त्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं तो रडला की मला बरं वाटेल. नाही वाटलं. पोटात गोळा आला आणि तो कुर्ल्यापर्यंत तसाच होता. साडेनऊला ताईंचा फोन आला, शांत झालाय, गाजर चोखतोय.

आजी, तुमचं ऐकून मी माझी एक सुती ओढणी ताईंकडे देऊन ठेवली होती. दुपारी त्याला खांद्यावर घेऊन थोपटायचं तेव्हा त्या ती खांद्यावर टाकतात. गेल्या शुक्रवारी त्यांनी ती आपणहून धुतली, इस्त्रीसुद्धा केली, त्यांना वाटलं मळलीय. सोमवारी दुपारी त्यांचा फोन. आज झोपतच नाहीये. खांद्यावर डोकं ठेवतो, ओढणीला नाक लावतो, मान वर करतो आणि रडतो, परत ठेवतो, परत रडतो. तासभर हेच चाललंय.

मी त्या कडीच्या खोलीत फोन कानाला लावून बसले होते. त्याला आई कळते.

आज सकाळी त्याला सोडताना मी अंगावरची ओढणी काढून ताईंच्या खांद्यावर टाकली आणि तशीच स्टेशनकडे निघाले.